अतिदक्षता विभागांतील भ्रम

आमचे मेहरूणचे थोरले बंधु अतिदक्षता विभागांत असतां तिसऱ्या रात्रीं नळ्या उपटूं लागले. "अरे, तलावाचें पाणी घरांत शिरलें!" हाच घोष. घरच्यांस वेड वाटलें. तें वेड नव्हे. सन्निपातांतील प्रलापासारखी ही अवस्था जंतुदोष, प्राणवायूची उणीव, कांहीं गुंगीचीं औषधें, निद्रानाश यांनीं उद्भवते. हातपाय बांधल्यानें क्षोभ बहुधा वाढतोच. हॅलोपेरिडॉलनें हा भ्रम लवकर ओसरत नाहीं, असें २०१८ सालीं अमेरिकेंतील मोठ्या चांचणींत दिसलें. डॉक्टर मूळ कारण शोधीत असतां घरच्यांनीं चष्मा, श्रवणयंत्र नेऊन द्यावें. वार, वेळ, स्थळ शांतपणें सांगावें. रात्रीं दिवे मंद ठेवण्याची विनंती करावी. मुकाट पडून राहणारा भ्रमिष्ट रुग्ण मात्र सहज नजरेआड होतो. त्याच्याविषयीं परिचारिकेस अवश्य सांगावें. पांचव्या दिवशीं चष्मा सावरीत दादांनीं विचारलें, "पाणी खरेंच शिरलें होतें का रे?"