आच्छादन-रूळ

शेतात उभे असलेले आच्छादन पीक न कापता व न नांगरता जमिनीवर आडवे पाडून आणि त्याची खोडे ठिकठिकाणी चेचून ते वाळविणारे अवजार. चेचल्यामुळे खोडातील रसवाहिन्या तुटतात. झाड जागीच सुकते आणि त्याचा जाड थर तण दाबतो व ओल राखतो. ताग, धैंचा इ. पिके नांगराने गाडण्याच्या पद्धतीहून [⟶ हिरवळीची खते] ही पद्धत वेगळी आहे, कारण तीत मातीची उलथापालथ होत नाही. दक्षिण ब्राझीलमध्ये बिननांगरटीच्या शेतीबरोबर ‘सुरी-रूळ’ या अर्थाच्या नावाने हे अवजार रूढ झाले.

रायगड जिल्ह्याच्या कर्जत व खालापूर तालुक्यांत भात हे मुख्य पीक असून खाचरात चिखलणी करून लावणी करण्याची रीत आहे. कर्जत तालुक्यातील नेरळ येथे चंद्रशेखर भडसावळे यांनी विकसित केलेल्या सगुणा भात तंत्रात मात्र कायमस्वरूपी गादीवाफ्यांवर, नांगरट व चिखलणी न करता भात टोकतात. मुळे जमिनीतच ठेवतात आणि खोडवा व तण तणनाशकाने मारतात. तणनाशकाचे हे काम काही अंशी रुळाकडून करून घेता येण्याजोगे आहे.

रचना : गावच्या लोहारशाळेत हा रूळ बनविता येतो. सु. 1 मी. लांब व 30 सेंमी. व्यासाच्या जाड लोखंडी नळाची दोन्ही तोंडे पत्र्याने बंद करून आस व धारवे (बेअरिंगे) बसवितात. नळावर सु. 6 सेंमी. उंचीच्या 8 पट्ट्या समान अंतरावर जोडतात. त्यामुळे त्यांच्या कडांमध्ये सु. 16 सेंमी. अंतर राहते. सरळ पट्ट्यांनी हादरे बसतात, म्हणून त्या इंग्रजी ‘व्ही’ अक्षराप्रमाणे तिरप्या जोडणे चांगले. पट्ट्यांना धार लावीत नाहीत, कारण खोड कापले गेल्यास बुंध्यातून पुन्हा फूट येते. नळाला बूच ठेवल्यास त्यात सु. 70 लि. पाणी मावते व वजन तितक्याच किग्रॅ.ने वाढते. फिरणाऱ्या भागांवर चौकट व आडोसा आवश्यक असतो.

वापर : यशाची गुरुकिल्ली अवजारापेक्षा वेळेत आहे. पीक पूर्ण फुलोऱ्यात असताना रूळ फिरवावा लागतो. आधी फिरविल्यास झाडे पुन्हा उभी राहतात, उशीर झाल्यास बी धरून तेच पीक पुढे तण होते. पेरणी रूळ फिरविलेल्या दिशेनेच करतात. जमीन घट्ट हवी, कारण चिखलात खोडे चेचली न जाता नुसती रुततात.

मर्यादा : जूनच्या पावसावर पेरलेला ताग फुलोऱ्यात येईपर्यंत भाताचा हंगाम पुढे सरकलेला असतो. त्यामुळे ताग उन्हाळ्यातच पेरावा लागतो व त्यासाठी पाणी लागते. भिवपुरी वीजगृहातून सोडलेल्या पाण्यावर चालणाऱ्या राजनाला कालव्याच्या क्षेत्रात अशी सोय होऊ शकते. कोरडवाहू खाचरांत ती नाही. भातकापणीनंतर मोकाट सुटणाऱ्या गुरांपासून राखण करणेही भाग असते. लहान खाचरे व उंच बांध यांमुळे रुंद रूळ येथे गैरसोयीचा ठरतो; गादीवाफ्याच्या माथ्याएवढा, पॉवर टिलरला जोडता येणारा अरुंद रूळच या प्रदेशास अनुरूप होय.