ताकदीच्या व्यायामाची सुरुवात

सयाजीराव गायकवाडांच्या काळात प्रा. माणिकरावांनी जुम्मादादा व्यायाम मंदिरातून बडोद्यात व्यायामाची गोडी रुजवली. आज बडोद्याजवळच्या नंदेसरीत, रासायनिक कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या तरुणांना पॉवरलिफ्टिंगच्या धर्तीवर व्यायाम सुरू करायचा असेल, तर उचली तीनच शिकायच्या आहेत: स्क्वॉट, बेंच प्रेस आणि डेडलिफ्ट.

आठवड्यातून एकाआड एक असे तीन दिवस पुरेत. स्पर्धेतला दांडा २० किलोचा असतो. स्क्वॉट आणि बेंच प्रेस आधी नुसत्या दांड्यावर पक्के करा. पाच-पाच वेळांचे तीन सेट करा, मधे तीनेक मिनिटे थांबा. सगळे सेट नीट झाले, तरच पुढच्या वेळी अडीच किलो वाढवा.

डेडलिफ्टला एखादाच जड सेट पुरतो. दांडा पावलाच्या मध्यावर, नडगीजवळ असू द्या. पोटात श्वास भरून धरा, पाठ सरळ ठेवा आणि पायांनी जमीन रेटत उठा. पाठीला बाक येऊ लागला की तिथेच थांबा. बेंच प्रेसला मात्र डोक्याशी जोडीदार हवाच.

ताकद वाढते ती विश्रांतीत. त्यामुळे रात्रपाळी करून आलात तर आधी पुरेशी झोप घ्या, मगच व्यायामशाळा गाठा. जेवणात डाळ, उसळ, दूध, अंडी भरपूर असू द्या. रक्तदाब, हर्निया किंवा पाठीचे दुखणे असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय वजनाला हात लावू नका.