निदान झालं, आता पुढे?

तिशी-चाळिशीत ऑटिझमचं निदान झालं की प्रश्न पडतो: इतकी वर्षं कुणाला कळलं कसं नाही? बरेचदा उत्तर असतं 'मास्किंग', म्हणजे चारचौघांसारखं दिसायची धडपड. मुद्दाम नजर भिडवायची, गप्पांमधली वाक्यं आधीच घोकायची, हातांची चाळवाचाळव दाबायची. लॉरा हल आणि सहकाऱ्यांनी हे मोजायला 25 प्रश्नांची प्रश्नावली बनवली. जास्त मास्किंग करणाऱ्यांमध्ये चिंता आणि नैराश्यही जास्त दिसतं. पण कशामुळे काय होतं, हे तेवढ्यावरून ठरत नाही. तरी मुखवटा थोडा सैल करून बघाच. सगळीकडे एकदम नको. आधी घरी किंवा जवळच्या मैत्रिणीसमोर एखादीच सवय सोडा, आणि संध्याकाळचा थकवा कमी होतो का ते बघा.