पिंग किती आहे?

ऑनलाइन खेळताना नेम चुकला की मुलं ओरडतात, ‘पिंग वाढलाय!’ घरातली मोठी माणसं मात्र म्हणतात, ‘शंभरचा प्लॅन घेतलाय ना, मग अडतं कुठे?’ मला मुलांचं म्हणणं जास्त शास्त्रीय वाटतं.

१०० एमबीपीएस म्हणजे एका सेकंदात जास्तीत जास्त किती माहिती येऊ शकते, तो आकडा. पिंग म्हणजे छोटासा संदेश सर्व्हरपर्यंत जाऊन परत यायला लागलेला वेळ. हे मोजणारा प्रोग्राम अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये एका संध्याकाळी लिहिला. पाणबुडीचा वेध घेणाऱ्या सोनारच्या आवाजावरून त्यांनी त्याला नाव दिलं ‘पिंग’.

काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. मुंबई ते न्यूयॉर्क अंतर सुमारे साडेबारा हजार किलोमीटर. म्हणजे जाऊन-येऊन १२५ मिलिसेकंद लागणारच. समुद्रातल्या केबलचे वळसे धरले तर त्याहून बरेच जास्त. कितीही महागडा प्लॅन घ्या, हा वेळ कमी होत नाही. त्यात सुरक्षित वेबसाइट उघडताना मजकूर येण्याआधीच अशा दोन-तीन फेऱ्या होतात. २०१८ च्या टीएलएस १.३ या नियमावलीने त्यातली एक वाचवली, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मोठ्या कंपन्या आपल्या मजकुराच्या प्रती मुंबईतच ठेवतात, त्याचंही कारण हेच.

पिंग ५ मिलिसेकंद आणि पान यायला मात्र एक सेकंद, असं झालं तर रस्ता मोकळा आहे, सर्व्हर दमलाय. तो तपासताना सरासरीवर विसंबू नये. शंभरातल्या ९९ विनंत्या ५० मिलिसेकंदांत आणि एक ५ सेकंदांत पूर्ण झाली, तरी सरासरी शंभराच्या आतच दिसते. ताटकळलेला तो एक माणूस आकड्यात हरवतो. म्हणून जाणते अभियंते सर्वांत संथ एक टक्का वेगळा काढून पाहतात.

घरी एक प्रयोग जरूर करा. पिंग चालू ठेवा आणि मोठा व्हिडिओ अपलोडला लावा. अनेक घरांत २० वर असलेला आकडा शेकड्यांत जातो. राउटर माहितीची सगळी पाकिटं, म्हणजे तिचे छोटे तुकडे, रांगेत साठवतो आणि तुमच्या व्हिडिओ कॉलची चिमुकली पाकिटं त्या रांगेच्या शेवटी उभी राहतात. जिम गेटिस यांनी २०१० च्या सुमारास या दुखण्याकडे जगाचं लक्ष वेधलं. ‘बफरब्लोट’ हे त्याचं नाव. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी ‘कोडेल’ हा उपाय मांडला. रांग किती लांब आहे हे तो विचारतच नाही. पाकीट रांगेत किती वेळ थांबलं, एवढंच पाहतो. हा थांबा काही काळ ५ मिलिसेकंदांच्या वरच राहिला, तर तो एखादं पाकीट टाकून देतो. पाठवणाऱ्या संगणकाला इशारा मिळतो, तो हात आखडता घेतो आणि कॉलवरचा आवाज पुन्हा सलग येऊ लागतो.