दंडाचा बीपी नॉर्मल, म्हणून लेहला निघालात?

बुद्धगया, सारनाथ, कुशीनगर ही ठिकाणे सपाट प्रदेशात आहेत. तिथे हवा विरळ होण्याची अडचण नाही. पण आता आपल्यापैकी काही जण लेहचा शांती स्तूप, हेमिस मठ पाहायलाही जातात. लेह सुमारे ३,५०० मीटर उंचीवर आहे आणि आपण वसई-विरारकर समुद्रसपाटीवर राहणारे. घरात कुणाला हृदयाचा आजार असेल, तर तिकीट काढण्याआधी हे वाचा.

लेहला एका श्वासात मिळणारा प्राणवायू इथल्यापेक्षा साधारण एक तृतीयांशाने कमी असतो. प्राणवायू कमी पडला की फुप्फुसातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात. नळी दाबली की मागे पाण्याचा जोर वाढतो, तसा फुप्फुसातला रक्तदाब वाढतो आणि हृदयाच्या उजव्या बाजूवर ताण येतो. निरोगी माणूस तो बहुधा सोसतो. ज्यांची झडप अरुंद आहे, हृदयाला छिद्र आहे किंवा हृदयाचे पंपिंग कमी आहे, त्यांचा हा दाब अनेकदा आधीच वाढलेला असतो. उंचीवर तो आणखी चढतो. फुप्फुसात पाणीही साचू शकते.

लहानपणी घसा दुखून ताप आला, मग सांधे सुजले, अशांची झडप पुढे खराब होऊ शकते. दाटीच्या घरांत हा आजार जास्त आढळतो. अनेक बायांना तो गरोदरपणी धाप लागल्यावरच कळतो.

दंडाला पट्टा बांधून हा दाब कळत नाही. दंडावर १२०/८० असतो तेव्हा निरोगी फुप्फुसात तो २५/१० च्या आसपास असतो. त्याचा अंदाज टूडी इको तपासणीत येतो. मुंबईच्या केईएम, नायर, सायन या पालिका रुग्णालयांत ती होते.

महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे. तिथे हा परिणाम थोडाच. लेहसाठी मात्र डॉक्टरांना स्पष्ट विचारा. ते ‘नको’ म्हणाले तर हट्ट करू नका. जायला हरकत नसेल तर चालू गोळ्या सोबत ठेवा, एकही चुकवू नका. विमानाने उतरल्यावर पहिले दोन दिवस विश्रांती घ्या. लगेच खारदुंग-ला गाठू नका.

बसल्या जागी धाप, खोकल्यातून गुलाबी फेस, ओठ निळे पडणे, यांपैकी काहीही दिसले तर सकाळची वाट पाहू नका. तत्काळ रुग्णालय गाठा, ऑक्सिजन लावा आणि रुग्णाला लवकरात लवकर खाली आणा.