नाशिकच्या शरणपुरात आफ्रिकेचे नेते कसे घडले? जाणून घ्या

देवळा : कामानिमित्त देवळ्याहून नाशिकला जाणाऱ्यांना शरणपूर रोड नवा नाही. मात्र या रस्त्याला ज्या वस्तीवरून नाव मिळाले, तिथे शिकलेल्या मुलांनी एकोणिसाव्या शतकात थेट पूर्व आफ्रिकेतील चर्चची धुरा वाहिली. नवे नेतृत्व कसे तयार करायचे, हा प्रश्न आज प्रत्येक चर्चपुढे आहे. त्याचे एक उत्तर आपल्याच जिल्ह्यात सापडते.

शरणपूर म्हणजे काय?
चर्च मिशनरी सोसायटीचे विल्यम प्राइस यांनी १८५४ मध्ये नाशिकजवळ ही ख्रिस्ती वसाहत उभारली. ब्रिटिश नौदलाने गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुले मुंबईत आणली जात. त्यातील अनेकांना पुढे शरणपुरात आसरा मिळाला.

तिथे काय शिकवले जाई?
लिहिणे-वाचणे आणि बायबलसोबत सुतारकाम, लोहारकामही. ख्रिस्ती विचारात पुढारी हा आधी सेवक असतो. येशूने शिष्यांचे पाय धुतले, तो याच अर्थाने. त्यामुळे हाताने काम करणे कमीपणाचे मानले जात नव्हते.

त्याचा उपयोग काय झाला?
प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे १८७३ मध्ये आजच्या झांबियात निधन झाले. त्यांचे हृदय तिथेच पुरताना प्रार्थना वाचली ती नाशिकला शिकलेल्या जेकब वेनराइट याने. सहकाऱ्यांनी पार्थिव महिनोन्‌महिने चालत किनाऱ्यावर आणले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनविधी झाला, तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत जेकबही होता.

शरणपुरातील विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड हे तिघे मोम्बासाजवळच्या राबाई येथे गेले. तिथली मंडळी त्यांनी सांभाळली. १८७५ मध्ये मोम्बासाजवळ मुक्त गुलामांसाठी फ्रीअरटाउन वसले, तेव्हाही नाशिकचे अनेक जण तिथे कामाला होते.

मग अडचण कुठे होती?
अधिकार देण्यात. काम वर्षानुवर्षे हेच करत होते; पण जोन्स आणि सेमलर यांना डीकन म्हणून दीक्षा मिळाली ती १८८५ मध्ये. जॉर्ज डेव्हिड त्याआधीच, १८८४ मध्ये वारले होते. त्याच १८८५ च्या ऑक्टोबरमध्ये बिशप जेम्स हॅनिंग्टन यांची युगांडाच्या वाटेवर हत्या झाली. मागे थांबलेल्या काफिल्याला सुखरूप राबाईला परत आणले ते जोन्स यांनीच.

यातून काय घ्यावे?
प्रेषित पौलाने तरुण तीमथ्याला सांगितले होते : शिकलेले अशा विश्वासूंना सोपव, जे पुढे इतरांनाही शिकवतील. यात ‘सोपव’ हा शब्द महत्त्वाचा. शिबिरे घेता येतात, अभ्यासक्रमही आखता येतात. पण निर्णय, हिशेब आणि व्यासपीठ ज्येष्ठांकडेच राहिले, तर तरुण सतरंज्या उचलण्यापुरतेच उरतात. शरणपूरने मुले घडवली. त्यांच्यावर वेळेत विश्वास टाकणे मात्र राहून गेले.