पायलटचं काय केलं?

29 एप्रिल 2019 ला दिल्लीहून शिर्डीला आलेलं स्पाइसजेटचं बोइंग काकडी गावातल्या धावपट्टीवर वेळेत थांबलंच नाही. पट्टी संपली तरी पुढे गेलं आणि मातीत रुतलं. सुदैवानं कुणाला इजा झाली नाही. अशा वेळी टपरीवरचा प्रश्न ठरलेला असतो: पायलटचं काय केलं?

विमान अपघाताची चौकशी म्हणजे खटल्याची पहिली पायरी, असं आपण धरूनच चालतो. पण आपल्याकडच्या नियमांनी तिचा हेतू एकच ठेवला आहे: पुढचे अपघात टाळणं. दोष किंवा दायित्व ठरवणं तिच्या कामातच नाही. शिर्डीसारख्या घटनेत शोधायचं असतं ते हे, की 2500 मीटरच्या पट्टीवर चाकं नेमकी कुठे टेकली, वेग किती होता, वारा पाठीमागून होता का, टॉवरनं सांगितलेला वारा आणि प्रत्यक्षातला वारा एकच होता का, वैमानिक किती तास ड्यूटीवर होते. ‘पायलट चुकला’ एवढं लिहून फाईल मिटली, तर पुढचा पायलट त्याच पट्टीवर, त्याच वाऱ्यात उतरणार.

म्हणजे चुकांवर पांघरूण? मुळीच नाही. 7 ऑगस्ट 2020 ला कोझिकोडला एअर इंडिया एक्स्प्रेसचं विमान पट्टीपलीकडे उतारावरून कोसळलं. 21 जण गेले. त्यात कॅप्टन दीपक साठेही होते, हवाई दलातले निवृत्त विंग कमांडर, घर नागपूरचं. पुढच्या वर्षीच्या अहवालानं त्यांच्याबद्दल काही झाकलं नाही. विमान स्थिर नसताना उतरणं चालू ठेवलं, ते पट्टीवर फार पुढे टेकलं, सहवैमानिकानं पुन्हा वर जायला सांगूनही तसं झालं नाही, हे सगळं त्यात आहे. पण त्याच अहवालात भर पावसात नीट न चालणारा वायपर आहे. कोझिकोडच्या तळावर कॅप्टन अपुरे होते आणि दुसऱ्या दिवशी सकाळचं उड्डाण डोक्यावर होतं, हेही आहे. वायपर बदलता येतो, कॅप्टन वाढवता येतात.

शिक्षेचं म्हणाल, तर तिचे रस्ते वेगळे आणि उघडे आहेत. विमान वाहतुकीचं नियामक डीजीसीए परवाना निलंबित करू शकतं, पोलीस गुन्हा नोंदवू शकतात. दारू पिऊन विमान चालवणाऱ्याला ‘दोष न देण्या’चा आडोसा मिळत नाही.

सगळ्यात घातक गैरसमज प्राथमिक अहवालाबद्दलचा: तोच अंतिम निकाल असं मानणं. 12 जून 2025 च्या अहमदाबाद विमान अपघातानंतर महिनाभरात असा अहवाल आला. इंधनाचे स्विच बंद स्थितीत गेले, एका वैमानिकानं दुसऱ्याला त्याबद्दल विचारलं, दुसऱ्यानं नकार दिला, इतकंच त्यात होतं. कुणी आणि का, हे नव्हतं. तरी चॅनेलांनी त्याच रात्री निकाल लावून टाकला.

लोकांचा चौकशीवरचा अविश्वास मात्र अगदीच निराधार म्हणता येणार नाही. अमेरिकेनं आपलं तपास मंडळ 1975 साली वाहतूक खात्यापासून पूर्ण वेगळं काढलं. आपला विमान अपघात अन्वेषण ब्युरो आणि डीजीसीए मात्र एकाच नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली आहेत.